तेलाचा माग

मोटारगाडीच्या दुरुस्तीविषयी मालकवर्गाच्या ज्या नानाविध फिर्यादी कानांवर येतात, त्यांत एक फिर्याद अशी आहे की, ती सांगणाऱ्याच्या स्वरात संतापापेक्षा विश्वासघाताची व्यथाच अधिक असते. इंजिनाचे पॅकिंग नवे घातले, त्याचे दाम रोख मोजले, कारागिराने छातीवर हात ठेवून हमी दिली, गाडी घरी आली. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दारातील फरशीवर, पूर्वी होता नेमका त्याच जागी, तेलाचा काळपट ठिपका पुन्हा हजर! मग पॅकिंग बनावट होते, मेस्त्री लबाड होता किंवा गाडीच मुळात अवलक्षणी आहे, या तीनपैकी एका निष्कर्षावर मालक येतो आणि त्या निष्कर्षानुसार तो दुकान बदलतो, मेस्त्री बदलतो, क्वचित गाडीही बदलतो. या बदलांनी तेल थांबतेच असे नाही. कारण पॅकिंग बदलल्यानंतर होणाऱ्या गळतीत खुद्द पॅकिंगचा अपराध फार थोड्या वेळा निघतो, आणि खरा अपराधी बहुधा अशा ठिकाणी दडलेला असतो की, पाना हाती घेण्यापूर्वी तिकडे पाहण्याची बुद्धी व्हावी लागते. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एका मेस्त्रींच्या गॅरेजात बसून असा एक तपास प्रस्तुत लेखकास जवळून पाहावयास मिळाला, त्याची ही हकीकत.

पेठेची ओळख कोल्हापूरकरांस करून देण्याचे कारण नाही. इतरांसाठी एवढेच सांगतो की, पाण्याचा खजिना, बेलबाग, कोळेकर तिकटी, नंगीवली चौक आणि संस्थानी अमदानीत हत्तीला चेतवून खेळावयाच्या खेळाचे साठमारीचे आवार ही सारी नावे या एका पेठेच्या पत्त्यांत सापडतात, आणि फुटबॉलच्या मोसमात कोणत्या तालमीचा झेंडा कोणत्या गल्लीत लावावा याविषयीचे अलिखित कायदे येथे सरकारी कायद्यांहून अधिक कसोशीने पाळले जातात. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खुले केलेले खासबागेचे कुस्ती मैदान येथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. परंतु मल्लविद्येच्या आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या कीर्तीखाली या नगराचा एक गुण झाकला गेला आहे, तो म्हणजे यंत्र उघडून पाहण्याचा. १९१८च्या सुमारास बाबूराव पेंटर आणि त्यांचे शिष्य दामले यांनी चित्रपटाचा कॅमेरा विकत आणण्याची वाट न पाहता तो येथेच घडवला. शाळेच्या विद्येचा आधार फारसा नसलेले म्हादबा मेस्त्री यंत्रविद्येतील कर्तबगारीमुळे ‘यंत्रमहर्षी’ म्हणून ओळखले गेले. आणि पुढे शिवाजी उद्यमनगरात ओतकामाच्या भट्ट्या व लेथ यांची जी दाटी झाली, तिच्यातून ऑइल इंजिनाचे सुटे भाग देशभर जाऊ लागले. पंचगंगेच्या काठी उसाला पाणी देणारे इंजिन ऐन उन्हाळ्यात बंद पडले, तर मुंबईहून भाग येईपर्यंत ऊस थांबत नाही; सबब जे मिळेल त्यातून जे हवे ते करून घेण्याची आणि केलेले पुन्हा बिघडू नये म्हणून मूळ कारण हुडकण्याची सवय या मुलखातील कारागिरास पोटासाठीच लागली. दसऱ्याच्या शाही सोहळ्यात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार आजही दसरा चौकात दिमाखाने येते तेव्हा लोक तिच्या रंगाकडे आणि राजचिन्हाकडे पाहतात. गॅरेजवाले मात्र ती निघून गेल्यावर रस्त्यावर तेल पडले आहे का, हे पाहतात.

ज्या गाडीचा हा मामला होता ती मेबॅक नव्हती. ती होती एक मारुती ८००. अनेक वर्षे गणित शिकवून सेवानिवृत्त झालेल्या एका सरांची, आणि सर होते मेस्त्रींच्याच शाळेतले. त्यामुळे गॅरेजात मेस्त्रींपुढे भलेभले गाडीमालक नरमाईने बोलत असले तरी सरांचा स्वर वर्गातलाच होता.

“अरे, दोनदा पॅकिंग बदललं. एकदा वरचं, एकदा खालचं. आता मधलं काही असतं का?”

“असतंय की सर,” मेस्त्री म्हणाले, “पन आपुन एवढ्यात कशालाच हात लावायचा न्हाई.”

हे दोनदाचे काम दुसरीकडे कोठे तरी झालेले होते. कोठे, ते मेस्त्रींनी विचारले नाही आणि सरांनी सांगितले नाही. या धंद्यात तो शिष्टाचार आहे.

पुढील हकीकत समजण्यासाठी इंजिनातील तेलाचा प्रवास थोडक्यात सांगणे अगत्याचे आहे. इंजिनाच्या अगदी तळाशी पत्र्याची एक परात बोल्टांनी कसलेली असते, तिला गॅरेजात चेंबर म्हणतात. तिच्यातील तीनएक लिटर तेल पंप एका जाळीतून शोषून घेतो, फिल्टरमधून गाळतो आणि दाबाने क्रँकच्या बेअरिंगांत व वर कॅमशाफ्टपर्यंत पोचवतो. तेथून ते आपल्या वजनाने ओघळत पुन्हा चेंबरमध्ये येते. म्हणजे पंपापासून बेअरिंगांपर्यंत तेल दाबाखाली असते. परंतु वरच्या टॅपेट कव्हराखाली आणि खालच्या चेंबरात ते केवळ उडत, ओघळत किंवा साचून असते. ही गोष्ट सामान्य मालकास ठाऊक नसते आणि पुष्कळ कारागीर ती विसरतात. जेथे दाबच नाही तेथून नवे पॅकिंग घातल्यावरही तेल बाहेर पडत असेल, तर त्याला बाहेर ढकलणारा कोण, असा प्रश्न पहिल्यानेच पडावयास हवा.

सिलिंडरांवरच्या झाकणाखालच्या, म्हणजे हेडखालच्या, पॅकिंगची गोष्ट निराळी. त्या एका पातळ पत्रीवर तीन परस्परविरोधी कामे सोपवलेली असतात. वातावरणाच्या चाळीस-पन्नासपट दाबाने भडकणारा वायू तिने सिलिंडरातच कोंडावयाचा, त्याच्या शेजारून जाणारे उकळत्या तापमानाचे पाणी पाण्याच्या वाटेनेच जाऊ द्यावयाचे आणि तिसऱ्या छिद्रातून दाबाने वर येणारे तेल या दोहोंत मिसळू द्यावयाचे नाही. आणि हे सारे, लोखंडी ब्लॉक व अॅल्युमिनियमचे हेड तापल्यावर निरनिराळ्या प्रमाणात प्रसरण पावत असताना. पूर्वी हे पॅकिंग तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये अॅस्बेस्टॉस दाबून केलेले असे. जुने पॅकिंग कोरडे खरवडून त्याची धूळ फुंकरीने उडवून देण्याच्या पद्धतीपायी किती कारागिरांनी आपली फुप्फुसे खर्ची घातली असतील, याची नोंद कोणत्याही दफ्तरात नाही. आता पोलादी पत्र्यांचे थर एकावर एक ठेवून केलेली पॅकिंगे आली आहेत; ती टिकाऊ खरी, परंतु त्यांचा स्वभाव अधिक हट्टी. जुने मऊ पॅकिंग पृष्ठभागातील लहानसहान खाचखळगे पोटात घेत असे. पोलादी पॅकिंगला दोन्ही पृष्ठे आरशागत लागतात. म्हणून हेड उतरवले की पोलादी सरळपट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून तिच्याखाली फीलर गेजचे पाते सरकवून पाहावयाचे, आणि ०.०५ मिलिमीटरचे पाते जेथे शिरले तेथे हेड फेसिंगला, म्हणजे पृष्ठ सपाट करून घ्यावयास, पाठवावयाचे, हा नेम. तो चुकवून घातलेले पॅकिंग कितीही महाग असो, ते गळतेच.

मेस्त्रींनी सरांच्या गाडीचे बॉनेट उघडले आणि बराच वेळ ते नुसते पाहत उभे राहिले. सरांना ते पाहणे म्हणजे टाळाटाळ वाटली असावी. कारण त्यांनी घड्याळाकडे दोनदा दृष्टी टाकली. इंजिनाची मागची बाजू वरपासून खालपर्यंत तेल आणि धूळ यांच्या काळ्या पुटाने माखली होती, आणि चेंबरच्या काठाने करड्या रंगाच्या सीलंटची जाड वेलबुट्टी बाहेर आली होती. ठिपका फरशीवर चेंबरखाली पडतो, सबब चेंबरच दोषी, असा न्याय पूर्वीच्या कारागिराने लावला होता, हे त्या वेलबुट्टीवरून उघड झाले. वस्तुतः तेल गुरुत्वाकर्षणाने खाली येते आणि गाडी चालत असताना वाऱ्याने मागे जाते. त्यामुळे इंजिनाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात निघालेला थेंब कड्याकपारींतून वाट काढीत चेंबरच्या सर्वांत खालच्या बोल्टाच्या डोक्यावर येऊन लोंबतो आणि तेथून पडतो. जमिनीवरचा ठिपका हा केवळ शेवटच्या मुक्कामाचा दाखला आहे. प्रवास कोठून सुरू झाला याविषयी तो काहीही सांगत नाही. खालून वर पाहणारा नेहमी फसतो. तपास वरून खाली करावयाचा असतो, आणि त्यासाठी आधी जुना सारा पुरावा पुसून टाकावा लागतो.

म्हणून पहिले काम धुण्याचे. डिझेल आणि ब्रश यांनी इंजिनाचे अंग घासून, नंतर हवेचा झोत मारून ते कोरडे केले गेले. डिस्ट्रिब्युटर आणि विजेच्या तारांची तोंडे आधी प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधली होती. हे काम गॅरेजातील एका पोरसवदा मदतनिसाकडे होते आणि त्याने ते लगबगीने उरकण्याचा प्रयत्न केला, तेव्हा मेस्त्रींनी त्याला टॅपेट कव्हरामागची अंगठ्याएवढी अंधारी जागा बॅटरीच्या उजेडात दाखवली व पुन्हा घासावयास लावले. त्यानंतर अंग वाळल्यावर मेस्त्रींनी फळीवरून लहान मुलांच्या पावडरीचा डबा काढला आणि एका फडक्याच्या पुरचुंडीने ती पांढरी पावडर सांध्यांवर, बोल्टांच्या डोक्यांवर आणि डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी अलगद आपटली. मोठ्या वर्कशॉपांत यासाठी तेलात एक चमकणारे रसायन घालून जांभळ्या दिव्याखाली पाहतात. ती पद्धत अधिक सुबक आहे यात शंका नाही. परंतु पावडरीवर तेलाचा पहिला ओला टिपूस उमटताना पाहण्यात जी निःसंदिग्धता आहे, ती त्या दिव्यातही याहून अधिक असेल असे वाटत नाही.

इंजिन चालू झाले. गाडी तापेपर्यंत ते तसेच चालू ठेवले; कारण थंड इंजिनात तेल घट्ट असते आणि पुष्कळ गळती थंडपणी मौन पाळते. काही वेळाने टॅपेट कव्हराच्या मागच्या कोपऱ्यात पावडर काळवंडली. मग डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी, ओ-रिंगच्या जागी, एक बारीक ओला चंद्रकोरी डाग दिसला. ऑइल प्रेशर स्विचची जागा कोरडी होती. चेंबरचा सांधा, ज्याच्यासाठी सरांनी पैसे मोजले होते तो, खडखडीत कोरडा होता.

“म्हणजे वरचं पॅकिंग खराब!” सर विजयाने म्हणाले.

“तसं आसतं तर एकच जागा वली झाली आसती, सर. हितं दोन झाल्याती.”

गणिताच्या सरांना हा युक्तिवाद पटावयास वेळ लागला नाही. जुने आणि नवे, दोन निरनिराळ्या वयांचे, निरनिराळ्या घडणीचे सांधे एकाच वेळी दगा देत असतील, तर दोघांनाही लागू असणारे एखादे तिसरे कारण असले पाहिजे. मेस्त्रींनी चालू इंजिनावरच तेल भरावयाच्या तोंडाचे झाकण फिरवून काढले आणि वहीचा एक कागद फाडून त्या तोंडावर ठेवला. निरोगी इंजिनात असा कागद किंचित आत ओढला जातो किंवा नुसता थरथरतो. सरांच्या गाडीत तो फडफडला, उचलला गेला आणि उडून बाजूला पडला. तोंडातून उष्ण, तेलकट वाफेचा झोत येत होता.

झोताचे कारण असे. पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असोत, जळत्या वायूचा अल्पसा अंश त्यांच्या कडेने निसटून खाली क्रँकच्या पोकळीत उतरतोच. त्याला बाहेर जावयास वाट ठेवलेली असते; ती ब्रीदरची वाट, म्हणजे टॅपेट कव्हरावरून हवेच्या गाळणीकडे किंवा मॅनिफोल्डकडे जाणारी एक साधी रबरी नळी, आणि पुष्कळ गाड्यांत तिच्यात बसवलेला लहानसा वाल्व. ही वाट तुंबली की आत कोंडलेला वायू जी फट सर्वांत दुबळी असेल तेथून बाहेर पडू पाहतो आणि जाताना तेल बरोबर घेऊन जातो. पॅकिंग बदलून एक फट बुजवली की तो दुसरी शोधतो. दुसरी बुजवली की तिसरी. अशा गाडीचे पॅकिंग जितके उत्तम बसवावे तितका उपद्रव अन्यत्र वाढतो.

ब्रीदरची नळी उपसून काढली, ती पिवळट, घट्ट, लोण्यासारख्या मळीने काठोकाठ भरलेली निघाली. तेल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या अंगालाही तोच लेप होता. येथे माझ्या मनात जी शंका आली, तीच सरांनी बोलून दाखवली: तेलात पाणी मिसळले की असा रंग येतो, तर हेडचे पॅकिंगच फुटले नसेल ना? मेस्त्रींनी उत्तर न देता डिपस्टिक काढून फडक्यावर पुसून दाखवली. तेल स्वच्छ तपकिरी होते. रेडिएटरचे पाणी भरपूर होते, त्यावर तेलाचा तवंग नव्हता; इंजिन चालवून पाहिले तेव्हा त्यात बुडबुडे आले नाहीत. हेड निर्दोष सुटले. घाईच्या माणसाने येथे हेड उतरवून तिसरे पॅकिंग बदलले असते आणि सरांच्या निवृत्तिवेतनाचा एक मोठा तुकडा त्यात गेला असता.

“सर, गाडी कुठं कुठं जाती?”

“कुठं जाणार? अंबाबाईला, मंडईत, आणि मुलगी आली की स्टँडवर.”

“आन् लांब?”

“आता या वयात लांब कशाला?”

मग सारी कडी जुळली. पेट्रोल जळताना वायूबरोबर पाण्याची वाफही तयार होते आणि तिच्यातील काही भाग क्रँकच्या पोकळीत उतरतो. इंजिन पुरेसे तापून काही काळ तसेच राहिले, तर ही वाफ ब्रीदरवाटे निघून जाते. परंतु मंगळवार पेठेतून अंबाबाईच्या महाद्वारापर्यंत जाऊन परतणारी गाडी तापावयास लागते न लागते तोच बंद होते. वाफ थंड लोखंडावर द्रवते, तेलात घुसळली जाते आणि तिचे हे लोणी तयार होऊन सर्वांत थंड जागी, म्हणजे वरच्या कव्हरात आणि नळीत, जमत जाते. त्यात कोल्हापूरचा पावसाळा. गाडी फार चालवल्याने झिजते एवढेच लोकांना ठाऊक असते. फार थोडी चालवल्यानेही ती आजारी पडते, हे सरांसारख्या काटकसरी आणि गाडीला जपणाऱ्या मालकांना पटवणे कठीण असते.

येथे थोडे विषयांतर करतो. मेस्त्रींचे वडील अँबॅसडरचे कारागीर होते, आणि त्या गाडीच्या १४८९ घनसेंटीमीटरच्या जुन्या इंजिनाची गोष्ट मेस्त्रींनी या निमित्ताने सांगितली. त्या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाशी रबरी सील नसे. दांड्यावर आट्यांसारखी उलट्या दिशेची खाच कोरलेली असे, आणि दांडा फिरू लागला की ती खाच बाहेर निघू पाहणारे तेल पुन्हा आत ढकलीत असे. म्हणजे गळती थांबवणारी वस्तू नव्हे, तर फिरण्याची क्रियाच. ही युक्ती ब्रीदर मोकळा असेपर्यंतच चाले. तो तुंबला आणि आतला दाब वाढला की क्लचच्या घरात तेल उतरत असे. बदलावयास सीलच नसल्याने जुन्या कारागिरांना नाइलाजाने आधी ब्रीदरच पाहावा लागे. बाजारात प्रत्येक सांध्यासाठी वेगळा सुटा भाग मिळू लागल्यापासून ही सक्ती उरली नाही, आणि तिच्याबरोबर ते पाहणेही कमी झाले. अँबॅसडर आणि मारुती ८००, दोघींचेही उत्पादन २०१४ सालीच थांबले. रस्त्यावर मात्र दोघी अजून भेटतात, आणि पुष्कळ वेळा एकाच गॅरेजात.

आता दुरुस्ती. टॅपेट कव्हर उघडले तेव्हा पहिल्या कामाचा पंचनामा आपोआपच झाला. जुन्या पॅकिंगचे कडक झालेले तुकडे हेडच्या काठावर तसेच चिकटून होते. त्यांच्यावर सीलंट थापून, त्यावर नवे रबरी पॅकिंग बसवून, वर बोल्ट ताकदीने आवळले होते. मंगळवार पेठेतील तरुणाच्या मनगटात बळाची वाण असते असे कोणी म्हणणार नाही. वाण असते ती बळ आवरण्याची. असल्या झाकणाच्या बोल्टांना अगदी थोडका पीळ पुरतो, म्हणजे लहान पान्याने हाताच्या पंजाने द्यावा इतका. त्याहून जास्त दिला की रबर चेपून कडेने बाहेर निसटते, पातळ पत्र्याचे झाकण असेल तर ते बोल्टांपाशी खाली दबते व मधे फुगते, आणि अॅल्युमिनियममधले आटे जातात ते वेगळेच. सरांच्या गाडीत मागच्या बोल्टाचे आटे निम्मे गेलेले होते आणि तेथेच पावडर काळवंडली होती. मेस्त्रींनी त्या छिद्रात तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे बसवले.

हेडचा काठ त्यांनी पोलादी खरवडणीने न घासता प्लास्टिकच्या पट्टीने आणि पेट्रोलात भिजवलेल्या फडक्याने साफ केला. अॅल्युमिनियमवर पोलादाची एक उभी रेघ उमटली तरी तेलाला ती वाट म्हणून पुरते. नंतर बोटाचे पेर काठावरून फिरवून पाहिले. माझेही बोट त्यांनी फिरवावयास लावले. मला काहीच कळले नाही. त्यांना मात्र एका जागी खरखर लागली आणि तेथे पुन्हा फडके फिरले. बोल्टांच्या छिद्रांत साचलेले तेलही हवेने उडवून काढले. तळ बंद असलेल्या छिद्रात तेल राहिले, तर बोल्ट त्या तेलावर टेकतो, पाना घट्ट लागल्याचा भास होतो आणि प्रत्यक्षात झाकण सैलच राहते. हेडच्या मोठ्या बोल्टांच्या बाबतीत तर याच कारणाने ब्लॉकला तडा गेल्याची उदाहरणे आहेत.

सीलंटविषयी मेस्त्रींचे मत तिखट आहे. गॅरेजात ज्या नळीला सरसकट ‘अॅनाबॉण्ड’ म्हणतात, मग तिच्यावर छाप कोणाचीही असो, ती त्यांच्या फळीवरही होती. परंतु रबरी पॅकिंग त्यांनी कोरडेच बसवले, आणि जेथे सपाट काठ व गोल चढाव एकमेकांस मिळतात अशा कोपऱ्यांत फक्त मुगाच्या दाण्याएवढा ठिपका लावला. “मसाला जास्त झाला की भाजी बिगडती,” एवढेच ते म्हणाले. जे सीलंट बाहेर वेलबुट्टी होऊन दिसते, तेवढेच आतही फुगून आलेले असते, वाळल्यावर त्याचे तुकडे सुटतात आणि तेलाबरोबर चेंबरमध्ये उतरतात. या कारणास्तव, चेंबरचा सांधा कोरडा असूनही, तो उघडण्याचा आग्रह मेस्त्रींनी धरला. सर चिडले. जे गळत नाही ते उघडावयाचे कशाला, हा त्यांचा सवाल तर्कदृष्ट्या बिनतोड होता. शेवटी गुरूने शिष्याच्या हट्टापुढे मान तुकवली, चेंबर खाली आले, आणि पंपाच्या जाळीवर करड्या रबरी तंतूंचा एक गुंता अडकलेला निघाला. जाळीचा बराच भाग अजून मोकळा होता. तो तसा राहिला नसता, तर एके दिवशी तेलाचा लाल दिवा लागला असता आणि बेअरिंगे गेली असती. फरशीवरच्या ठिपक्यासाठी केलेल्या उपायाने इंजिनच खाल्ले असते. सरांनी तो गुंता बोटांत धरून चष्म्याजवळ नेऊन पाहिला आणि काहीही न बोलता कागदात बांधून खिशात ठेवला.

डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग बदलली, ब्रीदरची नळी नवी घातली, वाल्व हलवून त्याचा खुळखुळ आवाज येतो याची खात्री केली, नवा फिल्टर घातला. फिल्टर बसवताना जुन्या फिल्टरचे रबरी कडे इंजिनालाच चिकटून राहिलेले नाही ना, हे मेस्त्रींनी बोट फिरवून पाहिले. दोन कडी एकावर एक बसली की तेल ठिबकत नाही, सांडते. कव्हराचे बोल्ट मधून कडेकडे, आलटून पालटून, दोन फेऱ्यांत कसले. आणि मग गाडी रात्रभर उभी ठेवली. सीलंटची साय काही मिनिटांत धरते, पण आतपर्यंत घट्ट व्हावयास एक दिवस तरी लागतो; पुष्कळ गळती या एका रात्रीच्या अधीरपणातून जन्माला येते. मालक दारात उभा असतो, मेस्त्री बोल्ट कसून लगेच तेल भरतो, आणि ओल्या सीलंटमधून तेल आपली वाट कायमची कोरून ठेवते.

दुसऱ्या दिवशी नवे तेल भरून इंजिन पुन्हा तापवले, पुन्हा पावडर आपटली. ती पांढरीच राहिली. तेलाच्या तोंडावर ठेवलेला वहीचा कागद किंचित आत ओढला जाऊन जागीच बसला, तेव्हा सरांनी तो उचलून पुन्हा ठेवून पाहिला, कारण एका प्रयोगावर निष्कर्ष काढू नये असे त्यांनी जन्मभर मुलांना सांगितलेले होते.

“हजार किलोमीटर झालं की दाखवायला आना,” मेस्त्री म्हणाले. “तवर वलं दिसलं तरी कुनाला बोल्ट आवळू दिऊ नका. आन् एक करा. दर आयतवारी जोतिबाला जावा. देव बी खूश, इंजिन बी खूश.”

वाडी रत्नागिरीचा डोंगर कोल्हापुरापासून सुमारे वीस किलोमीटर, आणि चढाचा. इतक्या वाटेत इंजिन चांगले तापते व आतली वाफ निघून जाते. रविवार तर जोतिबाचाच वार. वैद्यकीय सल्ला आणि धर्माचरण यांचा इतका सोयीस्कर संगम सरांना नाकारता येईना, तरी पेट्रोलचा हिशेब त्यांनी तेथेच तोंडी करून पाहिला.

मग बिल आले. पॅकिंग, ओ-रिंग, नळी, तेल, फिल्टर, आटे, मजुरी, या रकमांवरून सरांचे पेन विनातक्रार खाली उतरले आणि ‘धुलाई’ या ओळीवर थांबले. धुलाईची रक्कम मजुरीच्या जवळपास होती.

“एवढी धुलाई? गाडी काय गंगेत नेऊन धुतलीस?”

“सर, दीड दिवस शोधलं, त्येचं काय लिवू? ‘शोधलं’ म्हनून लिवलं तर गिऱ्हाईक एक रुपाया देत न्हाई. धुतलं म्हटलं की देतंय.”

सरांनी बिलाची घडी घातली, पैसे मोजून दिले, आणि धुलाईच्या रकमेत मात्र दहा टक्के सूट मागून घेतली.